औषध प्यायलं कोणी?

मागच्या आठवड्यात ऑफिसात जेवताना एका मित्राने फोन पुढे सरकवला. "हे बघ, फुफ्फुस श्वास घेतंय!" व्हिडिओत पेन ड्राईव्हएवढी एक पारदर्शक पट्टी होती. आत दोन बारीक नळ्या, एकीवर एक, आणि मधोमध एक पडदा. पडदा लयीत ताणला जात होता, सैल होत होता. "ऑर्गन-ऑन-चिप म्हणतात याला. आता उंदीर-ससे सुटले बिचारे, आणि औषधंही पटापट येतील." टेबलावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मी विचारलं, "मधला पडदा कशाचा आहे?"

मित्र म्हणाला, "असेल कसला तरी. तो काय महत्त्वाचा? खरी गंमत पेशींची आहे."

तर मंडळी, आजचा लेख त्या "तो काय महत्त्वाचा"वर आहे. मित्राचा दोष नाही. या विषयावरच्या बातम्या, भाषणं, गुंतवणूकदारांना दाखवायच्या स्लाइड्स सगळीकडे हेच चालतं. पेशी माणसाच्या, चिप हार्वर्डची, वर थोडा एआयचा तडका. पडद्याबद्दल एक ओळ, तीही तळटीपेत. माझं म्हणणं असं की तो पडदा तळटीप नाही. तो कशाचा आहे आणि त्याने काय गिळलं, हे न सांगता दिलेला "औषध सुरक्षित आहे" हा निकाल अर्धवट आहे. आणि औषधाच्या बाबतीत अर्धवट निकाल म्हणजे कुणाचं तरी यकृत.

आधी थोडी ओळख. २०१० साली हार्वर्डच्या वीस इन्स्टिट्यूटमधल्या डोनाल्ड इंगबर यांच्या गटाने 'सायन्स' या नियतकालिकात फुफ्फुसाची चिप मांडली. पडद्याच्या एका अंगाला फुफ्फुसातल्या वायुकोशाच्या पेशी, त्यांच्यावर हवा. दुसऱ्या अंगाला रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी, त्यांच्यावरून वाहणारा द्रव. पडदा १० मायक्रॉन जाडीचा, भोकं पाडलेला. बाजूच्या पोकळ्यांमध्ये निर्वात खेचला की पडदा ताणला जातो, सोडला की परत येतो. झाला श्वास!

कल्पना खरोखरच सुंदर आहे, यात वाद नाही. याच प्रयोगात एक गोष्ट दिसली होती, ती लक्षात ठेवा. सिलिकाचे अतिसूक्ष्म कण सोडले, तर पडदा हलत असताना पेशींनी ते जास्त आत घेतले, स्थिर असताना कमी. म्हणजे पेशी त्याच, कण तेच, फक्त पडद्याची हालचाल बदलली आणि उत्तर बदललं. पडदा महत्त्वाचा आहे याचा पुरावा पहिल्याच दिवशी टेबलावर होता. आपण टाळ्या वाजवण्यात गुंग होतो, एवढंच.

आता हा पडदा कशाचा? पॉलिडायमिथाइलसिलॉक्सेन. नाव उच्चारताना जिभेला गाठ पडते, म्हणून सगळे पीडीएमएस म्हणतात. हा एक सिलिकोन. शाम्पूच्या बाटलीवर 'डायमेथिकोन' आणि गॅसेसच्या औषधावर 'सिमेथिकोन' लिहिलेलं असतं ना, ती याच घराण्यातली मंडळी. चिपमध्ये त्याचं घट्ट, रबरासारखं रूप असतं. दोन द्रव मिसळायचे, साच्यात ओतायचे, थोडं तापवायचं, की काचेसारखी स्वच्छ लवचिक पट्टी तयार. १९९८ च्या सुमारास जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने यातून सूक्ष्म नळ्या करायची सोपी पद्धत रूढ केली आणि जगभरच्या प्रयोगशाळांचं काम हलकं झालं. पारदर्शक, ताणता येतं, प्राणवायू आरपार जातो, स्वस्त आहे, कुठल्याही पीएचडीच्या विद्यार्थ्याला दोन दिवसांत जमतं. आणखी काय हवं?

नीट बघा, या यादीतले बहुतेक गुण बनवणाऱ्याच्या सोयीचे आहेत. "अवयवातल्या पडद्यासारखं वागतं" हा गुण यादीत नाहीच. आपल्या धंद्यातही असंच होतं. कुणीतरी पहिल्या डेमोसाठी हाताशी होती ती लायब्ररी वापरतो, डेमो गाजतो, आणि पंधरा वर्षांनी अख्खी इंडस्ट्री त्या लायब्ररीवर उभी असते. निर्णय असा कुणी घेतलेलाच नसतो!

याचा तोटा समजायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. आईने दिलेला डबा आठवा. प्लास्टिकच्या डब्यात चार दिवस रस्सा भाजी नेली की डबा पिवळा पडतो, आणि मग कितीही घासा, जात नाही. हळदीचा रंग तेलात रमणारा, पाण्याशी त्याचं फार जमत नाही. त्याला प्लास्टिकमध्ये घर सापडलं, तो आत गेला. झाकणाच्या आतली ती रबरी रिंग तर आणखी पुढची. लोणच्याचा वास ती आठवडाभर सोडत नाही, आणि सोमवारच्या लोणच्याचा वास गुरुवारच्या शिऱ्याला येतो. ती रिंग बऱ्याचदा सिलिकोनचीच असते.

चिपमध्ये हेच होतं. पीडीएमएसचं जाळं स्वभावाने तेलकट आहे. पाण्यापेक्षा तेलात रमणारे छोटे रेणू त्यात शिरतात आणि मुरतात. हे मी शोधून काढलेलं गुपित नाही. २००६ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या मायकेल टोपके आणि डेव्हिड बीबी यांनी नाईल रेड नावाचा चमकणारा रंग अशा नळ्यांत सोडून दाखवलं, की नळी धुतली तरी भिंत चमकत राहते. २००९ साली त्याच विद्यापीठातून आणखी एक निबंध आला. पीडीएमएसच्या नळीत इस्ट्रोजेनसारखं संप्रेरक गडप होतं, आणि उलट पीडीएमएसमधले न जुळलेले सुटे तुकडे बाहेर पडून पेशींच्या आवरणात जाऊन बसतात. म्हणजे घेतंही आणि देतंही! फुफ्फुसाची चिप गाजली ती त्यानंतर वर्षभराने. माहिती आधीपासून होती.

आणि औषधांपैकी कितीतरी रेणू तेलात रमणारेच असतात. पेशीचं आवरणच चरबीचं, त्यातून आत शिरायचं तर तेवढा तेलकटपणा लागतोच. तर जे औषध पेशीत शिरायला लायक, तेच पडद्यात शिरायलाही लायक. तुम्ही नळीत १० मायक्रोमोलर औषध सोडलं, वहीत १० लिहिलं, आलेखावर १० छापलं. पेशींपर्यंत किती पोचलं? मोजलं नसेल तर कुणालाच ठाऊक नाही. पेशी टवटवीत दिसल्या, तुम्ही लिहिलंत "या डोसला औषध सुरक्षित". पण औषध प्यायलं कोणी? पेशींनी की पडद्याने?

इथे मला माझी एक जुनी चूक आठवते. काही वर्षांपूर्वी आमच्या टीमचा टेस्ट सूट कित्येक महिने सगळा हिरवा होता. आम्ही खूश, मॅनेजर खूश. मग प्रॉडक्शनमध्ये एक मॉड्यूल कोसळलं. शोधलं तर टेस्टच्या चौकटीत एक ट्राय-कॅच होता, कुणीतरी घाईत टाकलेला आणि मीच रिव्ह्यू करून पास केलेला. प्रत्येक एक्सेप्शन तो शांतपणे गिळत होता. आमच्या कोडमध्ये चुका होत्याच, पण त्या कुणापर्यंत पोचत नव्हत्या. सूट लाल झाला असता तर आम्ही शिव्या घातल्या असत्या आणि दुरुस्त केलं असतं. तो हिरवा होता म्हणून कुणी बघितलंच नाही.

पडदा म्हणजे हा कॅच ब्लॉक. आणि तो कुठल्या दिशेने चुकतो ते बघा. औषध गिळलं गेलं की पेशींना डोस कमी मिळतो, म्हणून विषारी औषध कमी विषारी दिसतं. चूक नेमकी हिरव्या दिव्याच्या बाजूला झुकलेली! उलट बाजूला झुकली असती तर एखादं चांगलं औषध वाया गेलं असतं, कंपनीचं नुकसान झालं असतं, आणि खात्री बाळगा, पडद्याच्या गुणधर्मांवर लगेच तीन परिषदा भरल्या असत्या.

आता जाडीचं बघू. आपल्या फुफ्फुसात हवा आणि रक्त यांच्यामधली भिंत सगळ्यात पातळ जागी अर्ध्या मायक्रॉनहूनही कमी असते. २०१० च्या चिपमध्ये नुसता पडदा १० मायक्रॉन, म्हणजे किमान वीसपट, आणि त्यावर दोन्हीकडे पेशी. बाजारात मिळणाऱ्या एका प्रसिद्ध चिपमध्ये तर पडदा ५० मायक्रॉनचा आहे, म्हणजे जवळजवळ केसाच्या जाडीच्या पंगतीत. त्यात ७ मायक्रॉनची भोकं, ४० मायक्रॉनच्या अंतराने. गणित तुम्हीच करा. एका भोकाचं क्षेत्रफळ साधारण ३८ चौरस मायक्रॉन, आणि प्रत्येक भोकाच्या वाट्याला येणारी जागा साधारण १४०० ते १६००. म्हणजे उघडी जागा अडीच ते तीन टक्के. उरलेले सत्त्याण्णव टक्के बंद भिंत. शरीरात ज्या दोन पेशी एकमेकींना खेटून बसतात, त्यांना आपण इथे जाड भिंतीच्या दोन अंगांना बसवलंय, मध्ये तुरळक खिडक्या ठेवल्यात, आणि वर म्हणतोय की त्यांचा संवाद अगदी शरीरासारखा आहे. चाळीतल्या शेजाऱ्यांना टॉवरमध्ये नेऊन बसवलं आणि म्हटलं, शेजार तोच आहे हो!

कडकपणाचंही तसंच. फुफ्फुसाची ऊती मोजली तर किलोपास्कलमध्ये, नेहमीचं पीडीएमएस मेगापास्कलमध्ये. शेकडो पटींचा फरक. पेशींना पायाखालची जमीन मऊ की कडक हे कळतं आणि त्याप्रमाणे त्या वागणं बदलतात. पण तो वेगळा लेख होईल. असो.

"अरे, पण एवढं काय बिघडलं? संशोधन आहे, सुधारेल हळूहळू." २०१० साली हे म्हणणं ठीक होतं. आज नाही, कारण आता हे निकाल कागदावरून औषधांच्या परवान्यांकडे निघालेत. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत कायदा बदलला. माणसांवरच्या चाचण्यांआधी प्राण्यांवर प्रयोग केलेच पाहिजेत ही सक्ती गेली, आणि चिपसारख्या पद्धतींना दार उघडलं. २०२३ मध्ये भारतानेही नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती करून अशा पद्धतींना जागा दिली, त्यात ऑर्गन-ऑन-चिपचं नाव आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने यकृताची एक चिप आपल्या नव्या साधनांच्या तपासणी कार्यक्रमात दाखल करून घेतली. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी मोनोक्लोनल अँटिबॉडी औषधांसाठी प्राण्यांवरच्या चाचण्या टप्प्याटप्प्याने कमी करायची योजना जाहीर केली. म्हणजे स्टेजिंगवरचा कोड आता प्रॉडक्शनला चाललाय.

या सगळ्याचं मी स्वागतच करतो, हे स्पष्ट लिहून ठेवतो, नाहीतर मला प्राण्यांवरच्या प्रयोगांचा वकील ठरवाल. प्राणी काही खात्रीचा आधार नव्हतेच. १९९३ साली फियालुरिडीन नावाच्या हिपॅटायटिस बी वरच्या औषधाची अमेरिकेत १५ रुग्णांवर चाचणी झाली. त्याआधीच्या प्राण्यांवरच्या प्रयोगांनी धोक्याची घंटा वाजवली नव्हती. सात जणांची यकृतं निकामी झाली, पाच जण गेले, दोघे यकृत बदलून वाचले. माणसाच्या पेशींवर आधी बघता आलं तर अशी माणसं वाचतील, म्हणून तर चिप हवी. आणि म्हणूनच ती खोटं बोलणारी नको.

फियालुरिडीन हा तसा पाण्याशी जमवून घेणारा रेणू, पीडीएमएसने तो फारसा गिळला नसता. पण ट्रोग्लिटाझोन घ्या. मधुमेहावरचं औषध, यकृत निकामी होण्याच्या घटनांमुळे २००० साली अमेरिकेच्या बाजारातून मागे घ्यावं लागलं. हा रेणू चांगलाच तेलकट. पडदा एका औषधाला सोडतो, दुसऱ्याला गिळतो, आणि दोन्ही औषधं एकाच तक्त्यात शेजारीशेजारी छापली जातात, जणू दोघांचा डोस सारखाच विश्वासार्ह आहे. हा माझा मुख्य आक्षेप आहे.

आता काही उत्तरं, जी मला हमखास ऐकायला मिळतात.

पहिलं: "२०२२ चा तो मोठा अभ्यास बघ की." बघितला. ८७० यकृत-चिप्स, २७ औषधं, विषारी औषधं ओळखण्यात ८७ टक्के यश, आणि निर्दोष औषधावर खोटा आळ एकदाही नाही. काम मोठं आहे, प्राण्यांनी पास केलेली औषधं यात पकडली गेली, आणि त्यासाठी टोपी काढलीच पाहिजे. पण अभ्यास बराचसा चिप बनवणाऱ्या कंपनीच्याच लोकांचा होता, हेही लक्षात ठेवा. आणि आकड्यांचा कल बघा, चूक झाली ती सगळी "सुरक्षित" म्हणण्याच्या बाजूने. अशा ठिकाणी सुटलेल्या प्रत्येक औषधाबद्दल पहिला प्रश्न हाच हवा, की पेशींना ते मिळालं होतं का?

दुसरं: "द्रव सतत वाहतोय ना, भिंत कधीतरी भरेल आणि पूर्ण डोस पोचेल." भरेल. पण कधी? कित्येक चिप्समध्ये तासाला जेमतेम एखादा थेंब वाहतो, आणि नुसता पडदा नाही, भोवतालचा अख्खा ठोकळाही त्याच पीडीएमएसचा असतो. दोन तासांत भरेल की प्रयोग संपल्यावर, हे औषधागणिक बदलतं. आणि भरलेली भिंत नंतर औषध हळूहळू परत सोडते, त्या शिऱ्याच्या वासासारखं.

तिसरं: "गणिताने दुरुस्त करू." जरूर करा. पण दुरुस्तीच्या सूत्राला मोजलेला आकडा लागतो, आणि तोच नसतो हे तर रडगाणं आहे.

चौथं: "मग दुसरा पदार्थ कुठे आहे?" आहे की. पॉलिकार्बोनेट किंवा पीईटीच्या फिल्मवर जड आयनांचा मारा करून, मग रसायनाने कोरून बारीक सरळ भोकं पाडतात. ही युक्ती १९६० च्या दशकातली आहे. असा पडदा औषध खूपच कमी गिळतो, पण ताणला जात नाही. २००७ साली रॉचेस्टरच्या गटाने १५ नॅनोमीटर जाडीचा सच्छिद्र सिलिकॉनचा पडदा दाखवला. पातळपणात तो शरीराच्याही पुढे, पण ठिसूळ. २०२१ साली स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या गटाने फुफ्फुसाच्या चिपसाठी कोलॅजन आणि इलॅस्टिनचा, म्हणजे शरीरातल्याच द्रव्यांचा, ताणला जाणारा पडदा केला. हॉलंडमधल्या लायडनच्या एका कंपनीने कृत्रिम पडदाच काढून टाकला आणि दोन नळ्यांमध्ये नुसता जेल ठेवला. प्रत्येकात काहीतरी द्यावं लागतं, काहीतरी मिळतं. यकृताला श्वास घ्यायचा नसतो, तर त्याचा पडदा ताणता यायलाच हवा असा हट्ट कशाला? फुफ्फुसाला घ्यायचा असतो, तर तिथे वेगळा विचार. अवयव बघून पडदा निवडायचा की सवय बघून, एवढाच प्रश्न आहे.

निर्दोष पडदा द्या अशी माझी मागणी नाहीच. मागणी अगदी साधी आहे, एका टेस्ट रिपोर्टकडून आपण जेवढी अपेक्षा करतो तेवढीच.

एक, प्रत्येक निकालासोबत पडद्याचा पत्ता द्या. पदार्थ, जाडी, भोकांचा आकार, उघड्या जागेची टक्केवारी.

दोन, रिकामी चिप चालवा. पेशी न घालता तेच औषध, तेवढेच तास सोडा आणि पलीकडून किती बाहेर आलं ते मोजा. पलीकडे कमी आलं तर ते पडद्याने आणि भिंतींनी खाल्लं, दुसरं तिथे कुणी नव्हतंच. हा खर्चाचा नाही, सवयीचा प्रश्न आहे.

तीन, आलेखाच्या आडव्या अक्षावर ओतलेला डोस नको, पोचलेला डोस छापा. आणि परवाना देणाऱ्यांनी, आपल्याकडच्यांनीही, हे दोन आकडे अर्जात सक्तीचे करावेत. नियम नवे आहेत तोवरच हे सोपं आहे. एकदा फॉर्म ठरला की तो पुढची वीस वर्षं हलत नाही.

हे सगळं तुम्हाला का सांगतोय? तुमच्यापैकी काही जण फार्मा कंपन्यांसाठी डेटाचं काम करता. उद्या अशा चिप्सची हजारो ओळींची फाइल तुमच्याकडे येईल. त्यात 'डोस' नावाचा एक स्वच्छ, नीटनेटका कॉलम असेल, एकही नल नसलेला. तुम्ही तो मॉडेलला खाऊ घालाल आणि मॉडेल आत्मविश्वासाने सांगेल की तेलकट रेणू तसे निरुपद्रवीच असतात. कारण त्याने शिकलेलं असेल पडद्याचं वागणं, यकृताचं नव्हे. त्या दिवशी मीटिंगमध्ये हात वर करून एवढंच विचारा, की हा आकडा ओतलेला आहे की पोचलेला? थोडं हसतील. विचारा.

मित्राला मी सोमवारी हेच सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू ना, चांगल्या व्हिडिओचा पार विचका करतोस." मग डब्याचं झाकण उघडलं, आतली रिंग नाकाशी नेली, आणि म्हणाला, "च्यायला, अजून लोणचं."